दादाच्या सोसायटीचं फाटक

माणूस गेल्यावर त्याला ‘माझा दादा’ म्हणायचा हक्क कोणाचा, हे कोण ठरवतं? दहाव्याला गुरुजींना विचारलं, मामाला विचारलं. मग मीच ठरवायला गेलो. आणि काय शेण खाल्लं म्हणता!

दादा इंटरनेटवर जुन्या सायकलींच्या वेड्यांसाठी एक छोटी साइट चालवायचा. सोसायटीच समजा ना! अशा बऱ्याच सोसायट्या, प्रत्येकीचा चेअरमन वेगळा, पण माणसं एकमेकांशी गप्पा मारायला मोकळी. दादा गेला आणि चेअरमनकी माझ्याकडे आली. मी कोण? आठवीत शाळा सोडलेला, मार्केट यार्डात टेम्पो चालवणारा!

अकोल्याच्या सोसायटीत एक चंदू. दादाला जन्मात भेटलेला नाही, सगळी ओळख साइटवरची. पण रोज सकाळी लिहिणार, “माह्या दादानं मले चेन बसवाले शिकवली.” माह्या? अरे, मला त्याने कधी पान्याला हात लावू दिला नाही!

आणि आमची आई! दादा गेल्यापासून तिला जेवायचीही आठवण करून द्यावी लागते. ती चष्मा लावून चंदूचं वाचायची आणि चक्क हसायची. मी समोर बसलेलो. सख्खा! जिवंत!

एका सकाळी डोकं फिरलं. आता, कोणी नकोसा असेल तर त्याला स्वतःपुरतं बंद करायचं बटण ज्याच्या त्याच्याकडे असतं. दादाचा नियमच होता, चेअरमनने कोणासाठी दार लावायचं नाही. पण मला चंदू कोणालाच दिसायला नको होता. चेअरमनचं मोठं बटण दाबलं. फोनने विचारलं, खात्री आहे का? मला खात्री कधी नसते?

चंदू गेला. सोबत अख्खा अकोला गेला! बटण माणसाचं नव्हतं, सोसायटीच्या फाटकाचं होतं.

दुपारी आमच्याच साइटवरच्या, कसब्यातल्या जोशीकाकांचा फोन. “अहो चेअरमन, सकाळपासून आमचे साडू दिसत नाहीत. अकोला नकाशावर आहे ना अजून?”

“काका, मला एक माणूस नको होता, म्हणून...”

“मग आपण आपले डोळे मिटायचे. आमचे कशाला फोडलेत?” फोन बंद!

संध्याकाळी आई फोन उलटासुलटा करत बसलेली. “चंदू काही बोलला नाही रे आज. दादाची कात्रजच्या घाटातली गोष्ट अर्धीच राहिली. पुढे काय झालं?”

मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का हो?

बटण उलटं फिरवलं. फाटक उघडलं, पण तुटलेली ओळख ज्याने त्याने पुन्हा जोडायची होती. आईच्या फोनवरून चंदूला मीच जोडलं आणि माफी मागितली. लगेच उत्तर आलं, “लहाने भाऊ ना तुम्ही? दादा सांगे, लहान्या चिडला का आंधी दार आपटते, मंग बोट सापडलं म्हून बोंबलते.”

आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझ्यावर. पण हसली.

चेअरमनकी मी जोशीकाकांना देऊन टाकली. माझ्या फोनवर चंदू बंद केला, फक्त माझ्यापुरता, दादाच्या नियमाने. आता सकाळी आईच्या फोनवरचं तिला मीच वाचून दाखवतो. तिचे डोळे दुखतात ना! ‘माह्या दादानं’ आलं, की मी ‘माझ्या दादानं’ म्हणतो.

आई म्हणते, “जे लिहिलंय ते वाच.”