भारिटं आली का?

तिनं शेवटचं विचारलं ते एवढंच. मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. मी चुलीवरचं गरम पाणी घेऊन आत गेलो, तर माझी बायको हौसा भिंतीकडं तोंड करून पडलेली. म्हणाली, "भारिटं आली का?" मी म्हणालो, "न्हाई." "यंदा लई उशीर केला," म्हणाली आणि डोळे मिटले. सकाळी उठलीच नाही... आता शिमगा आलाय. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी पेपरच्या पुरवणीसाठी तिच्यावर लिहा म्हणून कागद दिला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, गोड लिहायला मला येत नाही. झालं तसं लिहितो.

तीस वर्षं मी दौंडच्या लोको शेडात इंजिनांची राख ओढली. आठ-पंधरा दिवसांनी सायकल मारत गावी यायचं, जेवायचं, झोपायचं, परत जायचं. घोड नदीकाठची आमची चार एकर जमीन हौसानंच केली. पेरणी तिची, राखण तिची. त्यामुळं शेतातलं पाखरू तिला नावानिशी ठाऊक आणि मला सगळ्या चिमण्याच. श्रावण-भादव्यात ती मला नदीच्या लव्हाळ्यात न्यायची आणि लाल मुनिया दाखवायची. गुंजेसारखं लालभडक पाखरू, अंगावर पांढरे ठिपके. त्याच दिवसांत विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबायचे. मातकट पाठीची, पांढऱ्या पोटाची मुनिया मात्र बारा महिने दारात. आणि शाळूची कणसं निसवायच्या आधी, थंडीबरोबर, लांबच्या मुलखातनं भारिटं यायची. थव्यानं. पोट हळदीसारखं पिवळं. कणसांवर बसली की पीक डोलायचं.

शेतातल्या राखणीच्या माळ्यावर उभी राहून ती गोफण फिरवायची, पण गोफणीत दगड कधी घातला नाही. वाळलेलं ढेकूळ घालायची. ते हवेतच फुटायचं, पाखरं उठायची, मरत नव्हती. आणि काढणीला बांधाकडचा एक कोपरा उभा ठेवायची, पाखरांचा म्हणून. एकदा मी भडकलो. "पाखरं जेवू घालायला शेत केलंय व्हय?" तर म्हणाली, "तुमच्या बहिणी महिना महिना जेवून जात्यात, तवा मी बोलते का? आन् ही तर गाणं म्हणून जात्यात." तिच्यापुढं मी बहुतेक वेळा गप्पच बसलोय.

नोकरी सुटून मी कायमचा घरी आलो आणि दुसऱ्या वर्षी हिनं अंथरूण धरलं. छातीत पाणी. शिरूरच्या डॉक्टरनं शेताचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "भारिटं आली की एकदा बांधावर न्या. गाडीत निजवून न्या, पर न्या. मग कुटं न्या म्हणणार न्हाई." मी शब्द दिला. आश्विनात एक दिवस धावतच घरी आलो. "चल, आली. पिवळी हायत!" तिनं विचारलं, "कुटं बसल्यात?" म्हटलं, "बाभळीवर, खोप्यापाशी." हौसा एवढी हसली की खोकल्यानं जीव घाबरा झाला. "अवो, ती सुगरण! इंजनाचा नंबर मैलावरनं वाचत हुता आन् पाखरू वळखंना? भारिटाचं डोकं काळं असतंय, काळं कुळकुळीत."

ते मी डोक्यात धरून ठेवलं. परत हसं नको, आणि तिला उगीच उठवून दम लागायला नको. दिवाळीनंतर शाळवात एक थवा उतरायला लागला. पिवळट होता, पण डोकी मळकी, राखेत लोळल्यासारखी. मी रोज बांधावर जाऊन उभा राहायचो, रोज डोकी बघायचो. काळं एकही नाही. घरी येऊन सांगायचो, न्हाई आली. गाडी छपरात तयार होती. बैल दावणीला होते. बांध हाकेच्या अंतरावर.

परवा काढणी झाली. कोपरा उभा ठेवला. शेजारच्या वावरातली तान्हाबाई, हौसाच्या माहेरची, कडब्याच्या पेंढ्या बांधत होती. कोपऱ्यावर थवा बसला, पोटं पिवळी, डोकी काळी कुळकुळीत. मी म्हणालो, "आता आली बघ. आता येऊन काय उपेग?"

तान्हाबाई म्हणाली, "दाजी, आता कुटली? आता जायला निघाल्यात ती. दिवाळीपासनं हितंच हायत की. येताना डोकं मळकं असतंय, जायच्या वक्ताला काळं हुतंय. अक्काला ठावं हुतं... तुमी इचारलं न्हाई व्हय?"

नाही विचारलं. पाखरं कशी दिसतात एवढं जरी बोललो असतो, तरी ती म्हणाली असती, तीच हायत, जुंपा गाडी. मी नुसतं 'न्हाई' म्हणत राहिलो.

गोफण अजून दाराआडच्या खुंटीला आहे. तिच्या पट्टीत शेवटच्या ढेकळाची माती राहिली आहे, मी झटकली नाही. सकाळी ती घेऊन कोपऱ्यापाशी जाऊन बसतो. फिरवत नाही. मांडीवर ठेवतो. थवा रोज थोडा कमी होतोय. गुढीपाडव्यापर्यंत एकही राहायचं नाही, असं तान्हाबाई म्हणते.