फेस्ताला जाप हवी

आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्याला तिसऱ्या दिवशी माझा एक प्रश्न ठरलेला असतो. पहिल्या दिवशी माणूस प्रवासाने दमलेला असतो, दुसऱ्या दिवशी त्याला मयेचं तळं बघायचं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो चहा घेऊन सोप्यावर टेकला की मी समोर जाऊन बसते आणि विचारते, तुमच्या भाषेत सणाला काय म्हणतात? नुसता शब्द सांगून सुटका होत नाही. तो शब्द कुठून आला, त्या दिवशी घरात काय शिजतं, कोण कोणाकडे जातं, हे सगळं मला हवं असतं. आयुष्यभर प्राथमिक शाळेत मराठी शिकवली, त्यामुळे उत्तर मिळेपर्यंत समोरच्याला सोडायचं नाही ही सवय हाडात मुरली आहे. नवरा म्हणतो, आपले पाहुणे चौथ्या दिवशी का निघून जातात ते त्याला आता कळलं.

नवरा इथल्याच, गोव्यातल्या पाळी गावच्या खाणीवर कामाला होता. खाणी बंद पडल्या तेव्हा तो काही महिने अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मग आम्ही घराच्या मागच्या अंगाला तीन खोल्या बांधल्या. एकीत कोल्हापूरकडचं एक जोडपं भाड्याने राहतं, तो डिचोलीच्या कारखान्यात फिटर आहे. उरलेल्या दोन पाहुण्यांसाठी. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या गाण्याबजावण्याला कंटाळलेले गोरे लोक स्कूटर घेऊन इकडे येतात, आणि इथे कोंबड्याशिवाय कोणी आवाज करत नाही म्हणून खूश होतात.

पहिला शब्द दिला तो एका पोर्तुगीज बाईने. ती म्हणाली, ‘फेश्ता’. मला हसू आलं, कारण आमच्या वाड्यावर, म्हणजे या वस्तीत, फेस्त हा शब्द मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. तो तिचा आहे हे तिला सांगितलं तर तिलाच नवल वाटलं. त्यानंतर मला नादच लागला. स्पेनचा मुलगा म्हणाला ‘फिएस्ता’. जर्मन म्हातारा ‘फेस्ट’ म्हणून गप्प बसला, पुढचं त्याच्याकडून काढायला मला दोन कप चहा लागला. फ्रेंच बाईने ‘फेत’ म्हटलं आणि कागदावर लिहून दाखवलं. मधला ‘स’ त्यांच्याकडे केव्हातरी गळून पडला, आणि तो होता याची खूण म्हणून त्यांनी अक्षराच्या डोक्यावर एक छोटं छप्पर घातलंय. इंग्रजांनी ‘फीस्ट’ म्हणून त्याच शब्दातलं जेवण तेवढं मुख्य ठेवलं. एकाच घरातल्या भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात तसं हे सगळं मला वाटलं. गंमत म्हणजे आमच्या उच्चाराच्या सगळ्यात जवळ निघाली ती हॉलंडची एक नर्स. तिच्या तोंडून ‘फेस्त’ मी तीनदा म्हणवून घेतला, चौथ्या वेळी ती माझ्याकडे जरा घाबरून बघायला लागली.

पण मला जास्त ओढ लागली ती या घराबाहेरच्या शब्दांची. पोलंडच्या मुलीने सांगितलं की त्यांच्या सणाच्या शब्दात पावित्र्य आहे. वेल्समधून आलेला एक निवृत्त पोस्टमन म्हणाला, आमचा शब्द ‘गूइल’, मूळ अर्थ रात्रभर जागं राहणं. मी खुर्चीतून उठलेच. म्हणजे आमचा जागर! त्याला मी आमच्याकडचा जागर कसा असतो ते तासभर सांगितलं, आणि त्या भल्या माणसाने ऐकून घेतलं. मग एका रशियन बाईने ‘प्राझ्दनिक’ सांगितला. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्याचं मूळ रिकामं असण्यात आहे. ज्या दिवशी हाताला काम नाही तो सण. मी तिच्याशी भांडलेच. म्हटलं, चवथीला मी पहाटे पाचला जी उठते ती दुपारी तीनपर्यंत टेकत नाही, कसला रिकामा दिवस घेऊन बसलीस? तिने शांतपणे माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, त्या दिवशी हे काय करतात? नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला. तिचा शब्द मी वहीत उतरवून घेतला.

असं दोन-तीन वर्षं चाललं होतं. यंदा फेब्रुवारीत शेजारच्या मांयने मला कुंपणापाशी हाक मारली.

मांय म्हणजे आमची ख्रिस्ती शेजारीण. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, सगळा वाडा तिला मांयच म्हणतो. तिच्या दारासमोर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला एक पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस आहे, तिच्या सासऱ्यांनी बांधलेला. दर मे महिन्यात एका संध्याकाळी तिथे लादैन होते. लादैन म्हणजे मारियेची लॅटिनमधली नामावळी. एकाने एक नाव गायचं, बाकीच्यांनी प्रत्येक नावामागे तेच तीन शब्द म्हणायचे, आमच्यासाठी विनवणी कर अशा अर्थाचे. ते झालं की उकडलेले चणे वाटतात. हे चणे आदल्या दिवशी आमच्या घरी भिजतात, कारण मोठा हंडा आमच्याकडे आहे. चणे भिजवायचे आम्ही, शिजवायचे तिने, ही रीत माझ्या सासूच्या आधीपासूनची. सासूची आणखी एक रीत होती. लादैन चालू असताना आपण रस्त्याच्या अलीकडे उभं राहायचं आणि चण्यांच्या वेळी पलीकडे जायचं. सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आम्ही अलीकडेच उभे राहत होतो. का, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मांयने मला सांगितलं की यंदा हंडा काढू नकोस. फेस्त होणार नाही. लादैन चालवणारा म्हातारा मेस्त पावसाळ्यात गेला. वाड्यावरची बाकीची ख्रिस्ती घरं तर केव्हाच बंद झाली होती. कोणी लिस्बनला, कोणी लंडनच्या बाजूला. शेवटची काही वर्षं मेस्त नाव गायचा आणि मांय एकटीच मागून म्हणायची. तिचा स्वतःचा मुलगाही इंग्लंडमध्ये आहे. तिला तिकडे ने म्हणून तो कितीतरी वर्षं मागे लागला होता, आणि तिने एकदा त्याला शब्द दिला होता की ज्या वर्षी खुरसाचं फेस्त होणार नाही त्या वर्षी मी येईन. त्याला वाटेला लावायला म्हणून दिलेला शब्द. आता तो तिच्यावरच उलटला होता. जूनमध्ये तो तिला न्यायला येणार होता.

“तुला जायचंय का?” मी विचारलं.

ती म्हणाली, तिकडे नातवंडं आहेत, घर गरम असतं, सगळं बरं आहे. मग कुंपणावरची वेल नीट करत बसली. मला उत्तर कळलं.

मी लगेच कामाला लागले. माझं हे असंच आहे, दुसऱ्याच्या अडचणीत मला फार हुरूप येतो. मी तिला म्हटलं, मेमध्ये कशाला, फेस्त मार्चमध्येच घे. माझ्या दोन्ही खोल्या भरलेल्या आहेत. किनाऱ्यावरून आणखी दहा जण बोलावते. सगळे ख्रिस्ती मुलखांतलेच, त्यांना आवडेल, गर्दी झाली म्हणजे झालं. मी जणू शाळेचं गॅदरिंगच बसवत होते.

मांयने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, “तीं पळोवंक येतलीं, बाय. जाप कोण दितलो?” ते बघायला येतील, उत्तर कोण देणार?

मी तिला विचारलं, म्हणजे काय. ती म्हणाली, “फेस्त म्हळ्यार जाप. म्हणूंक म्हाका येता, चाळीस वर्सां म्हणलां. पूण हांव एकलीच म्हणटलीं आनी फाटल्यान कोणच जाप दिवचो ना, ताका फेस्त म्हणनात.” तिच्या लेखी फेस्त म्हणजे जापच. चाळीस वर्षं म्हणत आली असली तरी एकटीने म्हणायचं आणि मागून कोणी साद द्यायची नाही, त्याला ती फेस्त म्हणायला तयार नव्हती.

मी घरी आले ती रागावूनच. आधी वाटलं तिच्यावर रागावलेय, मग कळलं की स्वतःवर. मी वेल्सच्या पोस्टमनला विचारलं, हॉलंडच्या नर्सला छळलं, आणि कुंपणापलीकडच्या बाईला तिचा शब्द काय म्हणून कधी विचारलं नव्हतं. तो मला येतो असंच मी धरून चालले होते. फेस्त म्हणजे चणे, इतकाच माझा अर्थ होता. मला फार शरम वाटली, आणि ती मी नवऱ्याला सांगितलीही.

तो सुपाऱ्या सोलत बसला होता. मान वर न करता त्याने ते तीन शब्द गाऊन दाखवले. चालीसकट. शेवटच्या शब्दाला आवाज कुठे वर न्यायचा आणि कुठे सोडायचा, सगळं बरोबर. मी बघतच राहिले. आयुष्यभर ज्याचे ऱ्हस्वदीर्घ मी सुधारत आले तो माणूस लॅटिन गात होता. म्हणाला, दर वर्षी ऐकतोय, कान काही रस्त्याच्या अलीकडे थांबत नाहीत.

मग मीही म्हणून बघितलं, तर मलाही येत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही मागच्या घरच्या दोघी जावांना विचारलं. त्या आधी लाजल्या, मग एकीने गुणगुणलं आणि दुसरीने तिची चूक काढली. कोल्हापूरच्या फिटरला मात्र चाल माहीत नव्हती. पण तो भजनातला माणूस. त्याला समजावून सांगितलं तर तो म्हणाला, “एकानं म्हणायचं आन् बाकीच्यांनी धरायचं, व्हय? मग काय अवघड हाय त्यात, काकी.” त्याच्या बायकोने दोन संध्याकाळींत आमच्यापेक्षा चांगलं धरलं.

मांयला हे सांगायला गेलो तेव्हा मी जरा घाबरले होते. आमचा देव वेगळा, आमची जाप तिला चालेल की नाही? नवऱ्याने सरळ विचारलं की आधी पाद्र्याला विचारून येतेस का. ती म्हणाली, नको. विचारलं आणि तो नको म्हणाला तर पंचाईत. मग तिने नवऱ्याला म्हणायला लावलं. डोळे मिटून ऐकलं, आणि दुसऱ्या शब्दाचा उच्चार चुकतोय म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. महिनाभर रोज संध्याकाळी तिच्या बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, आमची शाळा भरायची, आणि मास्तरीण मी नव्हते.

मे आला तेव्हा आमच्याकडे एकही परदेशी पाहुणा नव्हता. उन्हाळ्यात ते येतच नाहीत. जावांनी अबोलीचे वळेसर करून खुरसाला घातले, नवऱ्याने मेणवाती लावल्या. ऊन उतरल्यावर मांयसकट आम्ही सात जण रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभे राहिलो. रस्ता दहा पावलांचा आहे. पलीकडे गेल्यावर मी उगाच मागे वळून बघितलं, आमच्या घराकडे.

मांयने सुरुवात केली. आवाज थकलेला, पण सूर जागेवर. पहिल्या नावाला आमची जाप जरा विखुरलेली आली, कोणी आधी, कोणी मागून. तिसऱ्या-चौथ्या नावापासून जुळली. नामावळी लांबलचक आहे. मला एकाही नावाचा अर्थ कळत नव्हता, पण पुढचं नाव येतंय आणि त्यामागे आपण जायचंय एवढं कळत होतं, आणि तेवढं पुरत होतं. मध्येच एका नावाशी ती अडली. ओठ हलले, आवाज आला नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं. फिटरच्या बायकोने, आपली पाळी आलीच आहे अशा थाटात, जाप दिली. मग आम्हीही दिली, न ऐकलेल्या नावाला. मांयने पदराने तोंड पुसलं आणि पुढचं नाव घेतलं.

संपलं तेव्हा अजून थोडा उजेड होता. ती चण्यांचं टोपलं आणायला घराकडे वळली आणि तेवढ्यात फोन वाजला. मुलाचा. तिला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन मोठ्या आवाजावर ठेवते, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं. त्याला आज कोणता दिवस आहे ते माहीत होतं. त्याने तिच्या तब्येतीची चौकशी केली, गोळ्या घेतल्यास का विचारलं, आणि मग जपूनच विचारलं, “मांय, फेस्त जालें?”

“जालें.”

तो म्हणाला, “जाप कोणें दिली?”

मांयने आमच्याकडे बघितलं नाही. ती खुरसाकडे बघत होती. “वाड्यान,” ती म्हणाली.

त्याने एवढंच विचारलं, म्हणजे जूनमध्ये मी न्यायला यायचं नाही ना? मला त्या मुलासाठी फार वाईट वाटलं, आणि ती जात नाही म्हणून इतका आनंद झाला की मी मान खाली घातली.