जुना रंग

मिलमध्ये कागद आला. तो इंग्रजीत होता. आबांनी त्याची झेरॉक्स घरी आणली आणि मी ती वाचली.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या खोल्यांच्या ओळीत इंग्रजी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शाळेचे दाखले, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, रेल्वेचे फॉर्म सगळे माझ्याकडे येत. आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याकडच्या गावाहून तरुणपणी सुरतेला आले आणि कापड रंगवण्याच्या मिलमध्ये लागले. माझ्या जन्माआधीची ही गोष्ट. त्यांच्या हाताखाली मिलचा लाल रंग होता. लाल बसवणं अवघड असतं, असं ते म्हणत. सुकल्यावर तो बदलतो. डिप्लोमा झालेला मास्टर वर केबिनमध्ये बसे, पण लाल लॉट लागला की तो खाली येऊन आबांच्या शेजारी उभा राही.

रंग कालवायच्या खोलीला मिलमध्ये कलर किचन म्हणत. तिथे पिंपं होती, लाकडी दांडे होते आणि मिठाची पोती होती. सुती कापडाला हा रंग धरायचा तर हौदात मीठ लागतं. ते पुरेसं झालं की नाही हे आबा बोट बुडवून जिभेवर ठेवून बघत. सगळेच बघत. तिथे ती रीतच होती. मग कापडाची चिंधी बुडवून, वाळवून, उत्तरेकडच्या दारात उजेडाला धरायची. माझी माय त्यांना टोमणा मारी, की मिलच्या डाळीचं मीठ यांना बोटावर कळतं आणि घरच्या डाळीला ताट वाढल्यावर नावं ठेवतात.

आबा कामावरून आले की थेट मोरीत जात. अंगावरून उतरलेलं पाणी मोरीच्या तोंडाशी थोडा वेळ थांबायचं आणि त्यावरून मायला कळायचं, आज कोणता रंग चालला. लाल, बहुतेक वेळा लालच. उशीची खोळ कानापाशी गुलाबी असे. रंगखात्यातल्या माणसांची लघवीसुद्धा रंगीत होई, आणि त्यावरून त्यांच्यात थट्टा चाले. नवा माणूस घाबरून सांगायला आला की बाकीचे त्याला म्हणत, आता तू पक्का झालास. तिथे या गोष्टीला कुणी भीत नव्हतं. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

कागद आला त्या दिवशी शेठने स्वतः कलर किचनमध्ये येऊन गुजरातीत सांगितलं होतं, "हवे लाल बंध." आता लाल बंद, एवढंच; कारण सांगितलं नव्हतं. म्हणून संध्याकाळी आबांसोबत रंगखात्यातले तिघंचौघं आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी दारात उभी राहून वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. परदेशातला खरेदीदार लिहीत होता की त्यांच्याकडच्या देशांनी मिळून नियम केला आहे. सोबतच्या यादीतले रंग ज्या कापडाला असतील ते कापड तिथल्या बंदरात उतरवून घेतलं जाणार नाही. यादीत आबांचा लाल होता. हे कापड माणसाच्या अंगाला लागतं, म्हणून हा नियम, असं मी सांगितलं.

त्या तिघाचौघांतले शेजारचे काका म्हणाले, "त्यासनी कातडी नाजूक ऱ्हास." परदेशी माणसांच्या नाजूक कातडीला सगळे हसले. आबाही हसले, आपल्या हातांकडे बघत.

मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर कारण दिलं होतं. हे रंग शरीरात गेले की फुटतात, त्यातून काही द्रव्यं सुटतात, आणि त्यांनी काय होतं ते एका ओळीत लिहिलं होतं. रोगाचं नाव मला येत होतं. तो शरीरात कुठे होतो तेही लिहिलं होतं. मी ती ओळ मनात वाचली. तेवढ्यात आबा, जे मलाही लाडाने माय म्हणत, म्हणाले, "माय, माले इतलंच सांग. काम ऱ्हाई ना?"

मी म्हटलं, राहील. लाल फक्त बाहेरच्या मालाला बंद आहे. मग मी कागदाची घडी केली.

ती ओळ मी का वाचली नाही याचा विचार मी पुष्कळ केला आहे. चार माणसांसमोर तसलं बोलायला जीभ वळली नाही, हे एक. आणि मला खरंच वाटलं होतं की ती ओळ कापड घालणाऱ्यांबद्दल आहे. रंग कालवणाऱ्यांबद्दल त्या कागदात एक शब्दही नव्हता.

आम्हाला सत्ता ठाऊक होती ती रेशन ऑफिसची, म्युनिसिपालिटीच्या नळाची, चौकीतल्या हवालदाराची. मतदान असलं की आबा धुतलेला शर्ट घालून जात. तिथल्या कुठल्याच माणसाने हा नियम केला नव्हता. कारखाना तपासायला सरकारी साहेब आले की त्यांना केबिनमध्ये बसवून ठेवलं जाई. या कागदावर मात्र ना सिंहाचा शिक्का होता ना कलेक्टरची सही, आणि तो आल्या दिवशी पिंपं हलली. आमच्या मोरीच्या पाण्याचा रंग कुठे ठरतो हे आम्हाला पहिल्यांदा कळलं, आणि ते ठिकाण नकाशातही एका जागी दाखवता येत नव्हतं.

थोड्या दिवसांनी खरेदीदाराचा माणूस आला. त्याने कापडाच्या प्रत्येक ताग्याचा बोटभर तुकडा कापला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केला आणि तपासायला पाठवून दिला. आबा सांगत होते, माणूस सभ्य होता, जाताना हात मिळवून गेला. नंतर त्याने रुमालाला हात पुसला, पण तो तर सगळेच पुसतात.

उरलेली लाल पिंपं फेकली गेली नाहीत. मिलमध्ये मधे एक भिंत घातली. अलीकडे बाहेरचा माल, पलीकडे इथल्या बाजाराचा. लाल रंगाची जाण होती म्हणून आबा पलीकडे गेले. पिंपं रिकामी होईपर्यंत ते तो रंग कालवत होते, मीठ चाखत होते. शेवटचं पिंप संपलं त्या दिवशी ते ताट अर्धं ठेवून उठले. मायने विचारलं तर म्हणाले, असा लाल पुन्हा होणार नाही.

त्यानंतर त्यांना हिरव्यावर घातलं. मोरीत हिरवं पाणी येऊ लागलं. माय म्हणाली, घरात जरा वेगळं वाटतं. उशीच्या खोळीवरचा गुलाबी डागही धुण्यात फिका होत गेला.

पण एका सकाळी तिने आबांना विचारलेलं मी ऐकलं. आबांची धोतरं, चड्ड्या तीच धूत असे. हिरव्यावर जाऊन इतके आठवडे झाले, मग कपड्याला लाल कसा लागतो? आबांनी आधी टाळलं. मग म्हणाले, लघवीला अजून लालच होते. मी पुस्तक मांडीवर घेऊन खाटेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाले, "जुना रंग शे, माय. हयूहयू निघी जाई."

मायचा विश्वास बसला. इतकी वर्षं अंगात गेलेला रंग निघायला वेळ लागणारच, असं ती म्हणाली. मी उठून ट्रंकेतला कागद काढला आणि दुसरं पान पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. ते येत नव्हते. कॉलेजच्या कामाला सोबत हवी, असं मला खोटं सांगावं लागलं.

डॉक्टरांनी आधी विचारलं, काम काय करता. मग आबांचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. कागद आल्यापासून आबांचे हात असे बघणारे तेच पहिले. तपासण्या झाल्यावर बाहेर येऊन त्यांनी मला सांगितलं की हा रंग नाही, रक्त आहे, आणि हे आज झालेलं नाही, फार वर्षांपूर्वी सुरू झालं असणार. मी कागदाचं सांगितलं, किती महिने झाले तेही सांगितलं. ते म्हणाले, तेवढे महिने आधी आला असतात तर थोडा फरक पडला असता. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

आबांना रोगाचं नाव मीच सांगितलं. मग त्यांनी विचारलं, त्या कागदात हे होतं का? मी हो म्हटलं. ते म्हणाले, बाकीच्यांना वाचून दाखव. मी त्या संध्याकाळी ओट्यावर उभी राहून दुसरं पान वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. शेजारचे काका उठून घरात गेले. त्यांच्या मोरीशी बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

आबा पुढचा उन्हाळा संपायच्या आत गेले.

कागद माझ्याकडे आहे. दोन पानं आहेत. माय अजून कपडे धुताना मोरीच्या तोंडाशी बघते. पाण्याला रंग नसतो.