खिडकीकडचे बाजूने, दाराकडचे विरोधात

आमच्या आणि आजूबाजूच्या गावांमधली नववी-दहावी बंद करून सगळ्यांसाठी सौंसरला एकच मोठं हायस्कूल करायचं, असं वर कुठेतरी चाललं होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आणि माझी मैत्रीण तेव्हा आठवीत होतो. विद्यार्थ्यांचं मत घ्या, असं शाळेला कळवलं गेलं. मत घ्यायचं म्हणजे पोरांना विचारायचं, इतकी साधी गोष्ट. पण आमच्या हेडमास्तरांना साधी गोष्ट कधी जमलीच नाही. त्यांनी वादविवाद स्पर्धा ठेवली.

खिडकीकडच्या रांगेने बाजूने बोलायचं, दाराकडच्या रांगेने विरोधात. मी खिडकीशी बसायची, कारण तिथून फळा नीट दिसायचा. मला गाव सोडून कुठेही जायचं नव्हतं. सौंसरची बस रामाकोन्याहूनच भरून यायची, आमच्या फाट्यावर थांबली तर थांबली. मैत्रीण दाराशी बसायची. तिचे वडील संत्र्याच्या बगीच्यांमध्ये मजुरीला जात. तिला नर्स व्हायचं होतं आणि गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला मास्तरच नव्हता. सौंसरला तो मिळणार, म्हणून ती दिवस मोजत होती.

आम्ही दोघी हेडमास्तरांकडे गेलो, म्हटलं, आमच्या बाजू बदलून द्या.

"वादविवादात आपलं मत राहत नसते," ते म्हणाले. "बोलण्याची कला पाहतात. जा, पाठ करून या."

मग मत घेणार तरी कधी, हे विचारायची आमची प्राज्ञा नव्हती. अजून आठवलं की माझं डोकं तापतं.

स्पर्धेला सौंसरहून शिक्षण खात्याचे साहेब आले, गावातले आईबाप सतरंजीवर बसले. मी मोठ्या शाळेची स्तुती कशीबशी उरकली. मग ती उभी राहिली. भरल्या बसमध्ये मुलींनी पुरुषांच्या गर्दीत उभं राहून जायचं, संध्याकाळी फाट्यावरून एकटीने चालत यायचं, अशाने कोणत्या आईबापाचा जीव थाऱ्यावर राहील, असं तिने विचारलं तेव्हा बायांनी पदर डोळ्यांना लावले. पहिला नंबर तिचाच. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, चिवडा खाल्ला आणि गेले. उन्हाळ्यात हुकूम आला, शाळा एक झाल्या. ठरलेलंच होतं ते. आम्हाला नुसतं बोलायला लावलं, माकड नाचवावं तसं.

पण आमच्याकडे चार माणसांत उभं राहून बोललेला शब्द म्हणजे शब्द. सोयरीक असो की शेताच्या धुऱ्याचा तंटा, सभेत बोललेलं कोणी फिरवत नाही. माझ्या बाबांचं किराणा दुकान होतं. मी रडले तर ते तागडीवरून मानही वर न करता म्हणाले, "तूच तं म्हणाली ना, मोठ्या शाळेत भलं होते. जाय आता." आणि तिच्या वडिलांनी तिचं नाव घालायलाच नकार दिला. पोरीनं एवढं समजावून सांगितल्यावर कोण बाप पाठवेल, असं ते साऱ्या गावाला कौतुकाने सांगत फिरत होते.

मी तणतणत तिच्या घरी गेले.

"काका, तिले सरांनं तसं बोलाले लावलं होतं. ती दाराकडे बसते म्हणून."

ते ओसरीवर विळ्याला धार लावून राहिले होते. हात थांबला.

"म्हंजे पुऱ्या गावासमोर खोटं बोलली का माही पोरगी?"

आवाज चढलेला नव्हता, खरंच विचारत होते. हो म्हणावं तर ती खोटारडी ठरत होती, नाही म्हणावं तर तिची शाळा संपत होती. असल्या पेचात आम्हाला टाकणारे साहेब आणि हेडमास्तर दोघंही त्या वेळी आपापल्या घरी पंख्याखाली पडले असतील.

"खोटं नाही बोलली बा मी," चुलीजवळून तीच म्हणाली. "बस भरूनच येते."

जुलैपासून त्या भरलेल्या बसमध्ये मी चढू लागले आणि ती वडिलांसोबत बगीच्यात जाऊ लागली. विज्ञान मला मिळालं. नर्स तिला व्हायचं होतं.