कर्ण्यातली मुलगी

बाळांनो, केवड्याचा वास आला की मला कल्याणच्या आमच्या आळीतला गणपतीचा मांडव आठवतो. मी तेव्हा आठ वर्षांची होते. आरतीनंतर मला मायक्रोफोनपुढे श्लोक म्हणायला उभं केलं. मी पहिला शब्द उच्चारला आणि पिंपळावर बांधलेल्या कर्ण्यातून कुणी दुसरीच मुलगी ओरडली. त्या यंत्राने माझा आवाज काढून घेतला, आता मी मुकी होणार, या भीतीने तोंड घट्ट मिटून मी घरी पळाले. जेवायलासुद्धा तोंड उघडेना; कर्ण्याने आवाज नेल्याचं मी खुणांनीच सांगितलं. "अगं, उरला असेल तेवढा तरी ऐकव!" वडील हसत म्हणाले. मी कुजबुजले, "बाबा." आवाज होता, पण मलाच परका वाटला. अजूनही तुमचा फोन घेण्याआधी मी हळूच खाकरते आणि आवाज माझाच आहे ना, हे पाहून घेते.