विटांवर उभी असलेली काँटेसा

भूतखेत, आत्मा, व्हायब्रेशन्स... यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही ती झालीच नाही, असं म्हणायचा मला पगार मिळतो. तरी लिहितोय, कारण घरात यावर बोलून बोलून आम्ही दोघंही थकलोय.

आम्ही मूळचे नागपूरचे, सात वर्षांपासून बंगळुरात, मारतहळ्ळीला. मागच्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या. शेवटचे अकरा महिने त्या आमच्याकडेच अंथरुणाला खिळून होत्या आणि मुक्ता – माझी बायको – दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायला उठायची. सासूबाई गेल्या, मुक्ताचं उठणं तसंच राहिलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, योगासनं झाली. भाजीत मीठ दोनदा पडायचं. तिच्यासोबत मीही जागा, आणि सकाळी ऑफिस.

अशात मला जुनी गाडी घ्यायचं खूळ लागलं. का, ते नीट सांगता येत नाही. लहानपणी आमच्या गल्लीत एका वकिलांकडे काँटेसा होती, एवढंच. कदाचित घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं.

जयनगरमध्ये एक विकायची आहे असं कळलं. मालकीणबाई पंच्याहत्तरीच्या, इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. बोलण्यात मधूनच कानडी – थोडं म्हणजे 'स्वल्प', बरं म्हणजे 'सरी'. यजमान जाऊन नऊ वर्षं झालेली. घर आता पाडणार होते, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत गिऱ्हाईक आलं नाही तर गाडी भंगारात जाणार होती.

रविवारी दुपारी मी, मुक्ता आणि ओळखीचे मेकॅनिक शब्बीरभाई, तिघं गेलो. गाडी अंगणातल्या शेडमध्ये विटांवर उभी. चाकं काढलेली, बॅटरी नाही, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. मी सवयीप्रमाणे सगळ्याचे फोटो काढले – गंज, इंजिन, डॅशबोर्ड. किलोमीटरचं मीटर ८१,४०६ वर थांबलेलं.

शब्बीरभाईंनी अर्धा तास पाहिलं आणि हात पुसत सांगितलं, की इंजिन जाम आहे, गिअरबॉक्सही जाम, खालचा पत्रा गेलाय. घेऊ नका, दोन वर्षं हिच्यामागे धावाल आणि पार्ट मिळणार नाहीत. एवढं सांगून ते निघून गेले.

मी मुक्ताला हाक मारायला वळलो, तर ती मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपलेली. तोंड किंचित उघडं. दीडेक वर्षात मी तिला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं.

"स्वल्प बसा," अक्का हळूच म्हणाल्या. "उठवू नका तिला."

आम्ही दोघं समोरच्या पायरीवर बसलो. शेड दहा पावलांवर, पूर्ण डोळ्यांसमोर. अक्कांनी कॉफी आणली. सव्वातीनपासून साडेपाचपर्यंत मी तिथून हललो नाही. गाडीही हलली नाही... हे वाक्य मुद्दाम लिहितोय.

मुक्ता उठून आली, केस सारखे करत. म्हणाली, "किती सावकाश चालवतात."

"कोण?"

तिला वाटलं होतं, मी ट्रायल घेतोय आणि अक्कांचा ड्रायव्हर चालवतोय. मागून त्याची मान दिसत होती, कॉलरमध्ये घडीचा रुमाल खोवलेला. दोन्ही बाजूंना झाडं, मग एक तळं – काठावर बायका कपडे धूत होत्या – मग रेल्वेचं फाटक. फाटक बंद होतं. तिथे थोडं थांबून गाडी परत फिरली. झोपेत काय काय दिसतं, म्हणून मी हसलो. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी हातातला कॉफीचा पेला पायरीवर ठेवला.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी चौदाव्या वर्षी तापाने वारली, त्यानंतर त्यांची झोप गेली. यजमान रोज दुपारी त्यांना मागच्या सीटवर निजवून फिरवून आणायचे. मानेला घाम फार, म्हणून कॉलरला रुमाल. तळ्याच्या कडेने फाटकापर्यंत आणि परत. ते तळं बुजवून वीस वर्षं झाली, वर अपार्टमेंट आहेत. फाटकाच्या जागी अंडरपास आहे. मुक्ता त्या भागात पहिल्यांदाच आली होती.

निघताना मी डॅशबोर्डचा आणखी एक फोटो काढला, पहिला हलला असेल म्हणून. मीटरवर ८१,४१७ होतं.

दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत, दोन्ही स्पष्ट. ऑफिसातल्या दोघांना दाखवले, त्यांनीही हेच आकडे वाचले. शब्बीरभाईंना फोन केला, तर म्हणाले, गिअरबॉक्स फिरल्याशिवाय मीटर फिरूच शकत नाही. पुढच्या रविवारी मी एकटा जाऊन मागच्या सीटवर तासभर डोळे मिटून बसलो. मला फक्त डास चावले. मीटर तिथेच. तेव्हापासून ते हललेलं नाही.

मुक्ता मात्र त्या रात्रीपासून घरीही झोपायला लागली. अजून झोपते.

गाडी घ्यावी की नाही, यावर आमचा चार दिवस वाद झाला. मी म्हणत होतो, हे भंगार आहे, पार्किंग एकच आहे. ती काही पटवायचा प्रयत्न करत नव्हती, नुसतं "घेऊ या" म्हणायची. शेवटी मी हो म्हटलं. मनापासून नाही... पण 'भंगारात जाऊ दे' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात.

आता गाडी आमच्या बेसमेंटमध्ये कव्हरखाली आहे आणि मी रोज बसने ऑफिसला जातो. दुरुस्त करायची की नाही, ठरत नाही. जे झालं ते काय होतं, तेही सांगता येत नाही. खूप विचार केला, आता तोही सोडलाय.

गाडी न्यायला टोईंगवाले आले त्या दिवशी अक्का पायरीवरच बसून होत्या. साखळी लावून झाल्यावर त्यांनी मुक्ताला जवळ बोलावलं.

"काही बोलले का गं ते, वाटेत?"

मुक्ताने खरं ते सांगितलं. नाही, एक शब्दही नाही.

अक्कांनी मान हलवली. "सरी," म्हणाल्या. "मग तेच होते."