दोरीवाल्यांचा एकच आवाज

लष्करासाठीची एअरशिप, म्हणजे इंजिन लावलेला अवाढव्य फुगा, त्याच्या पोटात रडार, शत्रूचं विमान लांबूनच हेरणार. आता काहीतरी थरारक येणार म्हणून सरसावून बसला असाल, तर जरा मागे टेका. आमच्या रडारला शत्रू कधीच सापडला नाही. सापडले ते सीगल, समुद्रावरचे पक्षी. ढिगाने.

त्या रडारचं सॉफ्टवेअर मी बेसिंगस्टोकच्या ऑफिसात बसून लिहायचो. टेस्टिंगला मात्र फील्डवर जावं लागे आणि तिथे राज्य ग्राउंड क्रूच्या चीफचं. गडी लीड्सचा, आवाज असा की वॉकीटॉकी ही नुसती औपचारिकता. एअरशिप उतरताना नाकातून आणि शेपटीतून दोर सोडते. खालची माणसं, म्हणजे दोरीवाले, ते धरून तिला बांधायच्या खांबापर्यंत ओढत नेतात. तेव्हा एकच आवाज चालतो, चीफचा. बाकी कुणीही बोंबलू दे, दोरीवाले ढिम्म.

मी तालुक्याच्या शाळेपासून नकलाकार. चीफ तर फारच सोपा. कँटीनमध्ये रोज फर्माईश व्हायची.

एकदा लष्कराचे साहेब डेमोला आले. त्यांना पसंत पडलं तर काम पुढे, नाहीतर चीफसकट सगळे घरी. चीफचा घसा सकाळपासून बसलेला होता. एअरशिप उतरायला आली, वारा वाढला, दोर खाली लोंबले, चीफने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. मी त्याची वॉकीटॉकी ओढली.

"चीफ म्हणतोय, डावीकडे ओढा!"

"ए, गप रे. लाईन मोकळी ठेव," दोरीवाला खेकसला. कुणी जागचं हललं नाही.

चीफने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कानाला तोंड लावून कुजबुजला, "माझी कर. नक्कल."

तो कुजबुजत गेला, मी त्याच्या आवाजात गरजत गेलो. "डावीकडे ओढा! झोपलात काय रे?" दोर ताठ झाले. नाक खांबात खट्कन बसलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकल्या की माझं काही खरं नाही. चीफच्याच आवाजात मी सोडून दिलं, "शाब्बास पोरांनो! सोडा आता, चहा माझ्याकडून!"

पोरांनी खरंच दोर सोडले. मोकळी शेपटी वाऱ्याने गर्रकन फिरली आणि साहेबांच्या डोक्यावरून गेली. सगळे सँडविचसकट गवतात आडवे. नशीब, मोठे साहेब हसतच उठले आणि "पुढची तारीख कळवा" म्हणाले.

चीफ हसला नाही. मला ट्रकमागे नेऊन त्याने कुजबुजत आरडाओरडा केला. ऐकायला कान जवळ न्यावा लागला, त्यामुळे शिव्या थुंकीसकट मिळाल्या.

"'सोडा' हा शब्द माझा आहे! कडी बसली का ते मी बघतो, शेपटी कुणी धरलीय ते मी बघतो, मग सोडा म्हणतो. तू काय बघितलंस? टाळ्या!"

"सॉरी, चीफ."

"आणि चहा? मी जन्मात कुणाला चहा पाजलाय? सगळे कप घेऊन उभे आहेत तिकडे. जा, केटल लाव. आणि साखर किती ते तुझ्या आवाजात विचार!"